बंद केली : खय्यूमभाई

नांदेडच्या आमच्या ऑफिसात खय्यूमभाई दिवसातून वीस-पंचवीस वेळा एकच वाक्य फोनवर म्हणायचे, "नळापशी धरा फोन." पलीकडचा माणूस सांगत असायचा की मेकॅनिक येऊन गेला, मोटार चालू झाली, झालं सगळं. खय्यूमभाई ऐकून घ्यायचे. "हाव हाव, बरं झालं. आता जरा नळापशी धरा." मग डोळे मिटून ते पाण्याचा आवाज ऐकायचे. "धार बारीक हाय. व्हॉल्व्ह पुरा उघडला न्हाई त्यानं. बोलवा माघारी, चहा पीत असंल तिथंच कुठंतरी." आवाज पटला तरच ते वहीतल्या त्या तक्रारीवर रेघ मारायचे.

मी लातूरहून बदली होऊन तिथे गेले तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि डायरीत लिहिलं, 'एक तक्रार बंद करायला किती वेळ लागतो, मोजणे.' मला याद्या करायची सवय आहे. सकाळी यादी, संध्याकाळी खुणा, उरलेलं उद्याच्या पानावर. घर आणि ऑफिस मी त्याच्याच जोरावर चालवत आले.

आमची कंपनी गावोगावच्या लहान पाणी योजनांची देखभाल करते. विहिरीवरची मोटार, स्टार्टर, व्हॉल्व्ह, टाकीपर्यंतचा पाइप. मुख्य ऑफिस लातूरला, आणि देगलूर, मुखेड, नायगावकडची गावं नांदेडकडे. गावात पाणी बंद पडलं की ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस फोन करतो, आम्ही मेकॅनिक पाठवतो. हे फोन घेण्याचं काम खय्यूमभाईंचं होतं. वय साठीच्या आसपास, अंगाने बारीक, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. एक निळं, एक लाल. लाल पेन फक्त रेघ मारायला.

ते मूळचे देगलूरचे. जळालेल्या मोटारी भरून देण्याचं त्यांचं दुकान वडिलांपासून होतं. तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून बोटं बधिर झाली, नजर उतरली, तेव्हा दुकान मुलाकडे देऊन ते आमच्याकडे आले. आठवडाभर नांदेडला राहायचे, शनिवारी घरी. बोलायचे मराठवाडी मराठी, घरी दखनी. सीमेवरच्या गावांतून फोन आला तर पलीकडच्याचा सूर ओळखून "नीरु बंता?" किंवा "नीळ्ळु वच्चिनया?" असं विचारायचे. पहिलं कन्नड, दुसरं तेलुगू, अर्थ एकच, पाणी आलं का? मी एकदा विचारलं, "एवढ्या भाषा शिकलात कशा?" म्हणाले, "भाषा कुठं शिकलो, मॅडम. पाणी आलं का, तेवढंच येतं मला चार भाषांत. बाकी हसून भागवतो."

मुखेड तालुक्यातल्या एका गावचे किशनराव हे त्यांचे विशेष. गावाचं नाव मी देत नाही. किशनराव तिथले पाणी सोडणारे. फार वर्षांपूर्वी गावाची जळालेली मोटार फटफटीला बांधून ते देगलूरला खय्यूमभाईंच्या दुकानात घेऊन गेले होते. भर लग्नसराई होती. खय्यूमभाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढून दिवसभरात ती भरून दिली. तिथून ओळख झाली ती दोस्तीच. तक्रार असो नसो, आठवड्यातून एकदा किशनरावांचा फोन यायचाच. "काय खय्यूमभाई, जित्ते हाव ना?" "हाय की. तुमची मोटार जळंपर्यंत मरत न्हाई मी." एवढं बोलून दोघंही फोन ठेवायचे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात खय्यूमभाईंनी किशनरावांना पंक्तीत आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं आणि त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक सांगितला होता, हे त्यांनी मला दोनदा तरी सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षी लातूरहून तक्रारींचं सॉफ्टवेअर आलं. संचालक, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो, त्यांनी ते बसवायचं काम माझ्यावर सोपवलं. प्रत्येक तक्रारीच्या चार पायऱ्या होत्या. नवी, पाठवली, दुरुस्त, बंद. पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीवर तक्रार आपोआप सरकत जावी, मधे कोणी हात लावायला लागू नये, अशी मांडणी करायची होती. त्यासाठी अटी लिहायच्या. अमुक झालं तर पुढे सरकव, तमुक झालं तर थांबव. असं काम मला आवडतं. मी खय्यूमभाईंना समोर बसवलं.

"तक्रार बंद करायच्या अटी सांगा. मी लिहून घेते."

"अटी कायच्या, मॅडम? पाणी आलं की बंद."

"पाणी आलं हे तुम्ही कसं ठरवता?"

"ऐकून."

"कॉम्प्युटरला ऐकता येत नाही."

"मग त्याला सांगा, ज्याला येतं त्याला विचार म्हणावं."

सगळे हसले, मीही हसले. मग ते जरा गंभीरपणे म्हणाले, "एक लिहून घ्या. मेकॅनिक समोर बसलेला असला की माणूस खरं बोलत न्हाई. उन्हात आलाय, चहा पेलाय, घरातलं हालहवाल विचारलंय त्यानं. आता त्याच्या तोंडावर काम झालं न्हाई कसं म्हणावं? लई जड जातं. म्हणून मी तो गाडीला किक मारून गेल्यावर फोन लावतो. माणूस भिडेनं झालं म्हणतो, मॅडम. पाण्याला भीड नसती."

मी ते लिहून घेतलं, डायरीत आहे अजून. पण सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता, आणि रकाना नाही ते काम नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मी अट अशी लिहिली. मेकॅनिकने चालू मोटारीचा फोटो टाकला की तक्रार 'दुरुस्त'वर जाईल. त्याच क्षणी गावच्या माणसाला आपोआप फोन जाईल, काम झालं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. एक दाबलं की तक्रार 'बंद'. आणि एकाच गावाची तीच तक्रार पंधरा दिवसांत पुन्हा आली, तर ती नवी न धरता जुन्याच तक्रारीला जोडायची, म्हणजे आकडे फुगणार नाहीत. ही शेवटची अट खास माझी. साहेबांनी तिचं कौतुक केलं होतं.

सगळं लिहून झाल्यावर सॉफ्टवेअरने एक प्रश्न विचारला. हा नियम कोणाच्या नावाने चालवायचा? तिथे एखाद्या माणसाचं खातं निवडावंच लागतं, आणि त्या माणसाला तक्रार बंद करायचा अधिकार असावा लागतो. वेगळं खातं काढायला लातूरची मंजुरी हवी होती, तिला चार-पाच दिवस गेले असते. बंद करायचा अधिकार आमच्याकडे एकट्या खय्यूमभाईंना होता. मी यादीतून त्यांचं नाव निवडलं आणि त्यांना सांगितलं.

"माझं नाव कशाला?"

"कोणाचं तरी द्यावं लागतं. वेगळं खातं आलं की बदलते."

"बदला मग आठवणीनं," ते म्हणाले. "मी न ऐकलेल्या पाण्याखाली माझं नाव नक्को."

'नियमाचं नाव बदलणे' हे मी त्याच दिवशी यादीत घातलं. नवं खातं आठ दिवसांनी आलं. तोवर नियम सुरळीत चालला होता, आणि चालत्या नियमात हात घालायला मला नको वाटलं. ते काम एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहिलं.

ऑफिसचा जो मोबाइल खय्यूमभाईंच्या टेबलावर असायचा, त्याचा नंबर आम्ही आपोआप तक्रार नोंदवणाऱ्या यंत्रणेला जोडला. त्यांना सुट्या भागांच्या नोंदीला बसवलं. त्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल नव्हता, त्यामुळे किशनरावांचा फोनही आता यंत्राकडेच जाऊ लागला; नंबर तोच, म्हणून नोंदलेलं पुढे खय्यूमभाईच बघतात असं ते धरून होते. पहिले काही दिवस फोन वाजल्यासारखा भास होऊन ते मान वर करायचे. मग तेही थांबलं. तक्रारी पटापट बंद होऊ लागल्या. साहेबांनी लातूरच्या बैठकीत नांदेडचं उदाहरण दिलं. मीही तिथे होते, परतताना ऑफिससाठी पेढे आणले. खय्यूमभाईंनी एक घेतला आणि म्हणाले, "तक्रारी लई बंद होऊन राहिल्या, मॅडम. नळ बी तेवढेच चालू झाले का, ते बघा एखाद्या वेळी." मला ते दुखावल्याचं बोलणं वाटलं.

मे महिन्यात किशनरावांच्या गावची मोटार बंद पडली. मेकॅनिक गेला, त्याने स्टार्टर बदलला, मोटार चालू झाली, त्याने फोटो टाकला. किशनरावांनी त्याला घरी चहाला नेलं. चहा पिता पिताच यंत्राचा फोन आला. समोर मेकॅनिक बसलेला. किशनरावांनी एक दाबलं. दोष विहिरीतल्या केबलमध्ये होता. तासाभरात मोटार पुन्हा बंद पडली. त्यांनी जुन्या नंबरवर फोन केला. यंत्राने तक्रार घेतली, माझ्या अटीप्रमाणे ती आधीच बंद असलेल्या तक्रारीला जोडली आणि त्यांना संदेश पाठवला, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' बंद तक्रारी उघडून कोण बघतो? त्यांनी रोज फोन केला. रोज ती जोडली जात राहिली.

नऊ दिवस गावाला पाणी नव्हतं. बायका शेतातल्या एका जुन्या विहिरीवर जात होत्या. आठव्या दिवशी किशनरावांची सून तिथल्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिचा पाय मोडला.

दहाव्या दिवशी गावची पंधरा-वीस माणसं टेम्पोने नांदेडला आली. साहेब लातूरहून आले. तक्रार भिंतीवरच्या पडद्यावर लावली. तिचा सगळा प्रवास तारीखवार दिसत होता, आणि शेवटी एक ओळ होती, 'बंद केली : खय्यूमभाई.' त्याखाली नऊ वेळा, 'बंद तक्रारीला जोडली : खय्यूमभाई.'

किशनराव पडद्याकडे बघत होते. आवाज न चढवता ते म्हणाले, "नऊ दिस मी गावाला थोपवलं. खय्यूमभाई हाय तिथं, खय्यूमभाई बघंल म्हणून. आन् तुम्ही रोज बंद करून राहिले?"

खय्यूमभाई उभे राहिले. "किशनराव, मी हात लावला न्हाई त्याला."

"नाव कुणाचं हाय मग ते?"

खय्यूमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता, शेजारी डायरी. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, हे नाव मी दिलं आहे. पण मनात आलं की गावकऱ्यांसमोर कंपनीची अंतर्गत गोष्ट कशी सांगायची, आधी साहेबांच्या कानावर घालावी, मग रीतसर सांगावं. मी डायरीकडे पाहिलं. काही लिहीत असल्याचा आव आणला असणार.

"नाव माझंच हाय," खय्यूमभाई म्हणाले आणि खाली बसले.

साहेबांनी त्यांना काही दिवस घरी थांबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. नियम माझा, नाव मी निवडलेलं. ते म्हणाले, "मॅडम, माणसाची चूक म्हणून हे मिटलंय. नियमाची चूक म्हटलं तर सगळ्या गावांची चौकशी लागेल, आणि पुढच्या महिन्यात कंत्राटाचं नूतनीकरण आहे. त्यांचं वय झालंच होतं. सन्मानाने निरोप देऊ." मी बरं म्हटलं. मी तेव्हा बरं म्हटलं, हे इथे लिहिणं भाग आहे. त्याच संध्याकाळी मी नियमाचं नाव बदललं. दोन मिनिटांचं काम होतं.

खय्यूमभाई परत आले नाहीत. निरोप समारंभाचा निरोप पाठवला, तर मुलाकडून उत्तर आलं की अब्बाची तब्येत बरी नाही. तीन आठवड्यांनी मी देगलूरला गेले. घडलं तसं सगळं एका कागदावर लिहून, खाली सही करून नेलं होतं. ते दुकानात, मुलाच्या मागे स्टुलावर बसले होते. मला बघून उठले, स्टूल पुसून मला दिलं, चहा सांगितला. मी कागद पुढे केला. त्यांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी केली आणि माझ्या हातात परत दिला.

"ह्यात जे हाय ते मला ठाऊकच हाय, मॅडम. मला कशाला देता?"

"मग कोणाला देऊ? साहेबांना मी सांगितलंय."

"साहेबाचं काय करायचं मला. किशनरावला सांगा. तेवढं करा." थोडं थांबून म्हणाले, "मी लावला होता फोन. उचलून राहिला न्हाई. उचलला तरी मी काय सांगू, म्या न्हाई केलं म्हणून? ते तर चोर बी म्हणतो. तुम्ही सांगितलं तर त्याला पटंल. त्याच्या सुनंचा पाय मोडला, आन् त्याला वाटून राहिलं की मी फोन कानाला लावून बसलो होतो."

"पुढच्या आठवड्यात जाते," मी म्हणाले.

"जावा. शनिवारी बाजार असतो, तवा घरी भेटत न्हाई तो. दुसऱ्या वारी जावा."

तिथेच, त्यांच्यासमोर, मी डायरीत लिहिलं, 'मुखेड. किशनराव यांना भेटून सांगणे. शनिवार सोडून.' त्यांनी ते लिहिताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा निवळला. मी लिहिलेलं काम होतंच, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. तेही म्हणायचे.

पुढच्या आठवड्यात नूतनीकरणाची बैठक निघाली. त्यानंतर लातूरला प्रशिक्षण. मग सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन. मग साहेब म्हणाले, त्या गावाकडे इतक्यात फिरकू नका. प्रत्येक कारण खरं होतं. डायरी काढून बघितली, तर ती ओळ सोळा आठवडे रोजच्या पानावर आहे, प्रत्येक वेळी माझ्याच नीटस अक्षरात उतरवलेली. मुखेड नांदेडपासून दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. खरं कारण कोणत्याच पानावर नाही. किशनरावांसमोर उभं राहून 'मी' हा शब्द म्हणायला मला जमत नव्हतं.

सतराव्या आठवड्यात खय्यूमभाईंच्या मुलाचा फोन आला. आदल्या दिवशी सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. दुपारनंतर माती झाली. मी देगलूरला गेले. त्यांच्या पत्नीला मी पहिल्यांदाच भेटत होते. बायका बसल्या होत्या, मला जागा करून दिली. त्या माझा हात हातात धरून बोलत राहिल्या. त्यांना कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगूनही त्यांनी राग धरला नव्हता. "रोज शाम को पुछते थे," त्या म्हणाल्या. "किशनराव का फोन आया क्या बोलके. मैं बोलती थी, आएगा. बोलते थे, मॅडम गए रहेंगे अब तक, आएगा."

मी रात्री घरी परतले आणि सकाळी मुखेडची गाडी धरली. यादी केली नाही.

किशनराव घराच्या ओसरीत बसले होते. सून आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, थोडी लंगडत. मी पाणी घेतलं आणि आधी ती ओळ म्हटली, जी मला पडद्यासमोर म्हणायची होती. हे नाव मी दिलं होतं. मग नियम सांगितला, अटी सांगितल्या, फोन कुठे जात होता ते सांगितलं, खय्यूमभाईंना टेबलावरून उठवलं होतं तेही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे माझा फोन त्याच्यापतोर गेलाच न्हाई?"

"नाही."

"एक बी?"

"एकही नाही."

"त्याला कवा कळलं?"

"त्या दिवशी. तुमच्याबरोबरच."

ते समोरच्या रस्त्याकडे बघू लागले. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. मग माझ्याकडे न बघताच बोलले.

"पोराचा फोन आलता मला. काका, अब्बा गेले, दुपारच्याला माती हाय, या. म्या काय बी न बोलता ठिवून दिला." त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "देगलूरची एसटी ह्या दारावरून जाती, बाई. इथंच थांबती. त्या दिवशी बी थांबली. म्या हितंच बसलो होतो. ड्रायव्हर वळखीचा हाय, त्यानं विचारलं, यायचं का? म्या न्हाई म्हणलो."